कॅनडातल्या निवासी शाळा, तिथून वाचलेली माणसं आणि सत्याचा शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'इंडियन रेसिडेन्शियल स्कूल' म्हणजे भारतीय मुलांची शाळा का?

नाही. मराठी वाचकाची पहिली गल्लत इथंच होते. कॅनडात 'इंडियन' हा सरकारी शब्द त्या भूमीच्या मूळ रहिवाशांसाठी वापरला गेला. १८७६चा 'इंडियन ॲक्ट' आजही त्याच नावानं लागू आहे. जुन्या पिढीतली क्री किंवा अनिशिनाबे माणसं स्वतःबद्दल बोलताना हा शब्द वापरतात, पण बाहेरच्यानं तो वापरू नये. शक्यतो त्या त्या राष्ट्राचं (तिथले आदिवासी समाज स्वतःला राष्ट्र म्हणवतात) नाव घ्यावं: क्री, अनिशिनाबे, सेक्वेपेम्क, मोहॉक, हैदा. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचं असेल तर फर्स्ट नेशन्स, इन्युइट (उत्तर ध्रुवाकडचे) आणि मेटी (आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाचे) असे तीन गट आहेत. 'मूलनिवासी' या शब्दाला महाराष्ट्रात वेगळा राजकीय अर्थ आहे, म्हणून या पानावर 'आदिवासी' हा शब्द ठेवला आहे.

दुसरा शब्द 'वाचलेले'. सरकारी कागदांत 'माजी विद्यार्थी' असं लिहिलं जाई. त्या शाळांतून आलेल्यांनी स्वतःसाठी इंग्रजीत 'सर्व्हायव्हर' हा शब्द निवडला, कारण बरोबर गेलेली कितीतरी मुलं परत आलीच नाहीत. 'पीडित' म्हटलेलं त्यांच्यातल्या अनेकांना आवडत नाही.

या शाळा नेमक्या काय होत्या?

सरकारनं पैसा द्यायचा आणि चर्चनं चालवायच्या, अशी वसतिगृहं. ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट ही शाळा १८३१ सालची, त्यांतली सर्वांत जुनी. १८८३ पासून केंद्र सरकारनं ही व्यवस्था देशभर पसरवली. निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांकडे होत्या, बाकीच्या अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट, म्हणजे पुढच्या युनायटेड चर्चकडे. दीड लाखाहून जास्त मुलं यांतून गेली. हेतू लपवलेला नव्हता: मुलाला आईबाप, भाषा आणि रीतिरिवाज यांपासून तोडलं की पुढच्या पिढीत 'इंडियन' उरणारच नाही.

आत गेल्यावर पहिल्याच दिवशी वेण्या कापल्या जात. घरचे कपडे काढून घेतले जात. अनेक शाळांत मुलाला नंबर मिळे आणि हाकही नंबरानंच मारली जाई. भाऊ आणि बहीण एकाच इमारतीत असूनही त्यांना एकमेकांशी बोलता येत नसे. आपली भाषा बोलल्यास मार बसे. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम, म्हणजे शेत, गोठा, धुणं, शिवण, असा शिरस्ता १९५०च्या आसपासपर्यंत टिकला. त्यामुळे आठ-दहा वर्षं तिथं काढूनही अनेकांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

पैशाची रीत समजून घेतली की बाकीचं पुष्कळसं उलगडतं. १८९२ पासून सरकार दर मुलामागं ठरावीक अनुदान देई. त्यामुळे खाटा भरलेल्या ठेवणं हे शाळेच्या हिताचं होतं. आजारी मूलही भरती व्हायचं, कोंदट शयनगृहात खाटेला खाट लागलेली असायची आणि क्षय पसरायचा. सरकारी वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये १५ शाळांची माहिती गोळा केली. तिथं दाखल झालेल्यांपैकी जवळजवळ २४ टक्के मुलं मरण पावली होती. फाइल हिल्स या एका शाळेत हा आकडा ६९ टक्के होता. ब्राइस यांच्या सूचना बाजूला ठेवण्यात आल्या.

शेवटची शाळा कधी बंद झाली?

सस्कॅचेवानमधली गॉर्डन्स शाळा १९९६ मध्ये आणि रँकिन इनलेटचं किव्हालिक हॉल १९९७ मध्ये. वाचलेल्यांपैकी काहीजण आज जेमतेम चाळिशीत आहेत. 'फार जुनी गोष्ट' म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही तो यामुळे.

आईबापांनी मुलं दिलीच कशी?

दिली नाहीत, नेली गेली. इंडियन ॲक्टच्या १९२०च्या दुरुस्तीनं ७ ते १५ वयाच्या मुलांना शाळेत पाठवणं बंधनकारक करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. न पाठवणाऱ्याला दंड किंवा कैद होई. पळून आलेल्या मुलाला पोलीस परत नेत. कोर्टात जायची सोयही नव्हती: १९२७ ते १९५१ या काळात आदिवासींना आपल्या हक्कांच्या दाव्यासाठी वकील लावायला पैसे गोळा करणं हा गुन्हा होता.

यात एक बारकावा आहे. शाळा हवी असं कितीतरी पुढाऱ्यांनी स्वतः म्हटलं होतं आणि सरकारशी झालेल्या करारांत ती मागणी आहे. त्यांना आपल्या वस्तीत शाळा हवी होती. मिळालं शेकडो मैलांवरचं वसतिगृह.

किती मुलं दगावली?

या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या सत्य आणि समेट आयोगानं (त्याबद्दल पुढं येईल) २०१५ पर्यंत सुमारे ३,२०० मृत्यूंची नोंद केली. आयोगाचे कागद जपणाऱ्या विनिपेगच्या राष्ट्रीय सत्य आणि समेट केंद्राच्या यादीत आता ४,१०० हून अधिक नावं आहेत आणि ती वाढतच आहे. खरा आकडा याहून मोठा आहे हे आयोगानंच सांगितलं. आयोगाला सापडलेल्या नोंदींपैकी ३२ टक्के मृत्यूंमध्ये मुलाचं नावच लिहिलेलं नव्हतं, २३ टक्क्यांत मुलगा की मुलगी तेही नव्हतं आणि ४९ टक्क्यांत मृत्यूचं कारण नव्हतं.

प्रेत घरी पाठवायचा खर्च सरकारचं इंडियन खातं सहसा करत नसे. म्हणून मूल शाळेच्या आवारातच पुरलं जाई. लाकडी क्रूस काही हिवाळ्यांत कुजून गेले, शाळा बंद पडल्यावर जमिनीचे मालक बदलले, कुंपणं गेली. कित्येक घरांना निरोप पोचला तो महिन्यांनी, किंवा पोचलाच नाही.

सत्य आणि समेट केंद्रानं ३० सप्टेंबर २०१९ रोजी एक लाल कापड उलगडलं. त्याची लांबी ५० मीटर होती आणि त्यावर २,८०० मुलांची नावं होती. कापड गुंडाळून ठेवावं लागतं आणि उलगडायचं तर दोन्ही बाजूंनी ओळीनं माणसं उभी राहावी लागतात. आकडा वाचून जे कळत नाही ते त्या कापडाच्या कडेनं चालत गेल्यावर कळतं.

२०२१ साली कॅमलूप्सला नेमकं काय सापडलं? 'एकही प्रेत मिळालं नाही' असं म्हणतात ते खरं का?

मे २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या 'तकेमलूप्स ते सेक्वेपेम्क' या राष्ट्रानं जाहीर केलं की जुन्या शाळेजवळच्या बागेत भू-भेदी रडारनं सुमारे २१५ संभाव्य दफनस्थळं दाखवली आहेत. जुलैमध्ये पाहणी करणाऱ्या तज्ज्ञ सारा ब्यूलियू यांनी आधीच्या खोदकामाची जागा वगळून हा आकडा २०० वर आणला. जूनमध्ये सस्कॅचेवानच्या कावेसेस राष्ट्रानं मॅरीव्हल शाळेजवळच्या दफनभूमीत ७५१ खुणा नसलेल्या थडग्यांची घोषणा केली. ती ओळखीची दफनभूमी होती, थडग्यांवरच्या खुणा मात्र नाहीशा झाल्या होत्या. बातम्यांमध्ये या दोन्ही गोष्टी 'सामूहिक कबरी' म्हणून छापल्या गेल्या. ते चूक होतं. दोन्ही राष्ट्रांनी तसं म्हटलेलं नव्हतं.

रडार काय करतं ते नीट समजून घ्यावं. चाकांच्या गाडीवर अँटेना बसवतात आणि आखलेल्या जमिनीवरून शेजारीशेजारी समांतर ओळींत ती ओढत नेतात. दोन ओळींमधलं अंतर साधारण २५ ते ५० सेंटिमीटर ठेवतात. मुलाची कबर लहान असते, म्हणून ओळी जितक्या जवळ तितकं बरं. रेडिओ लहरी जमिनीत जातात आणि माती जिथं बदलते तिथून परततात. हाडं त्यात दिसत नाहीत. दिसतो तो कधीतरी खणून पुन्हा भरलेला खड्डा. झाडाची मुळं, मोठे दगड, प्राण्यांची बिळं, जुने गटाराचे चर, हे सगळं तसंच भासू शकतं. ओल्या चिकणमातीत लहरी लवकर विरतात आणि खोलवरचं काहीच कळत नाही. म्हणून एकट्या रडारवर कुणी जाणकार निष्कर्ष काढत नाही.

बरं काम असं चालतं. आधी समाजाची संमती आणि विधी. मग वृद्धांच्या आठवणी: रात्री खड्डा कुणी खणला, कुठल्या झाडाजवळ, बागेत कुठं जायला बंदी होती. मग कागद: भरतीची रजिस्टरं, चर्चचे दफनलेख, मृत्यूचे दाखले, जुने नकाशे, हवाई छायाचित्रं. यातून जागा ठरली की रडार. शेवटी, आणि समाज हो म्हणाला तरच, उत्खनन. ते करायचं की नाही यावर एका घरातही एकमत नसतं. कुणाला भावाला घरी आणायचं असतं, कुणाला निजलेल्या मुलाला पुन्हा हलवायचं नसतं. या निर्णयाला वर्षं लागली तर लागू द्यावीत.

आता 'काही मिळालं नाही' याबद्दल. मॅनिटोबातल्या पाइन क्रीकच्या चर्चच्या तळघरात १४ संशयित जागा ऑगस्ट २०२३ मध्ये उकरल्या गेल्या. मानवी अवशेष निघाले नाहीत आणि त्या राष्ट्राच्या प्रमुखांनी ते लगेच जाहीर केलं. सस्कॅचेवानच्या लेब्रेट इथं मात्र मुलाच्या जबड्याच्या हाडाचा तुकडा मिळाल्याचं जानेवारी २०२३ मध्ये सांगण्यात आलं. तो ४ ते ६ वर्षांच्या मुलाचा आणि अंदाजे १२५ वर्षांपूर्वीचा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि चार हजारांवर मृत्यूंची यादी रडारवर उभी नाही. ती शाळा, चर्च आणि सरकार यांच्याच कागदांतून आली आहे.

सत्य आणि समेट आयोगानं काय केलं?

हा आयोग सरकारनं आपणहून नेमलेला नाही. वाचलेल्यांनी कोर्टात हजारो दावे लावले, त्यातून २००६चा तडजोड करार झाला आणि १९ सप्टेंबर २००७ पासून तो लागू झाला. आयोग त्याचाच भाग. दाव्यांमुळे पैसाही त्याला करारातूनच मिळाला. अध्यक्ष न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर (ते २०२४च्या नोव्हेंबरात गेले), सदस्य विल्टन लिटलचाइल्ड आणि मारी विल्सन. विनिपेगपासून एडमंटनपर्यंत सात राष्ट्रीय मेळावे झाले, साडेसहा हजारांहून जास्त जबान्या नोंदल्या गेल्या आणि २०१५ मध्ये ९४ कृती-आवाहनांसह अहवाल आला. आयोगानं याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटलं.

जबानी कशी द्यायची हे सांगणाऱ्यानं ठरवायचं: भर सभेत, छोट्या वर्तुळात, की बंद खोलीत एकट्या नोंद घेणाऱ्यासमोर. शेजारी आधार देणारी व्यक्ती बसलेली असे. सभागृहात स्वयंसेवक टिश्यूचे खोके घेऊन फिरत. डोळे पुसलेले कागद कचऱ्यात टाकले जात नसत. ते कागदी पिशव्यांत गोळा करत आणि दिवस संपला की बाहेर तेवत ठेवलेल्या पवित्र अग्नीत अर्पण करत. मधोमध लाल सीडर लाकडाची एक कोरीव पेटी ठेवलेली असे. सेलिश शिल्पकार ल्यूक मार्स्टन यांनी ती एकाच फळीला वाफ देऊन, वाकवून घडवली. लोक त्यात फोटो, पत्रं, लहानपणच्या वस्तू ठेवत. आता ती विनिपेगच्या केंद्रात आहे.

आयोगाला कुणाला साक्षीसाठी बोलावणं धाडायचा किंवा गुन्हेगार ठरवायचा अधिकार नव्हता. गुन्हा आधीच सिद्ध किंवा कबूल झालेला नसेल तर अत्याचार करणाऱ्याचं नाव जाहीर करता येत नव्हतं. हा उणेपणा अनेकांना आजही सलतो, आणि सलणं रास्त आहे.

भरपाई किती मिळाली? आता अर्ज करता येतो का?

वर सांगितलेल्या तडजोड करारात दोन वाटा होत्या. पहिली, शाळेत राहिल्याबद्दल सरसकट रक्कम: पहिल्या वर्षाला १०,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३,०००. दुसरी, लैंगिक किंवा गंभीर शारीरिक अत्याचाराबद्दल स्वतंत्र सुनावणी. तिथं ३८,००० हून जास्त दावे आले आणि तीन अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली गेली. पहिल्या वाटेची मुख्य मुदत १९ सप्टेंबर २०११ ला आणि दुसरीची १९ सप्टेंबर २०१२ ला संपली. दिवसा शाळेत येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी तडजोड झाली. त्यात प्रत्येकी १०,००० डॉलर होते आणि मुदत ४ ऑक्टोबर २०२३ ला संपली. या तिन्ही वाटा आता बंद आहेत. 'अजून पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असा फोन आला तर ती फसवणूक समजावी.

चुकलं कुठं? एक, कागद. शाळेचं रजिस्टर नसेल तर राहिलेली वर्षं सिद्ध करणं त्या माणसाच्या गळ्यात. दोन, मध्यस्थ. वकिलाचं शुल्क ३० टक्क्यांवर जाऊ नये आणि त्यातले १५ टक्के सरकार देईल असा नियम होता, तरी काही वकिलांनी आणि अर्ज भरून देणाऱ्यांनी वरून पैसे काढले. तीन, सुनावणीची रीत. अत्याचाराला गुण द्यायचे आणि गुणांवर रक्कम ठरायची. आयुष्यात कुणाला न सांगितलेली गोष्ट अनोळखी माणसासमोर तपशिलानं सांगायची आणि मग तिचा तक्त्यातला आकडा कळायचा. पैसे मिळूनही कित्येकजण त्यानंतर खचले.

१९ सप्टेंबर २०२७ या तारखेबद्दल ऐकलं. ते काय आहे?

या पानावरचा सगळ्यात निकडीचा मुद्दा हाच. वर सांगितलेल्या अत्याचार-सुनावण्यांची कागदपत्रं गोपनीय आहेत. ती सरकारी दफ्तरात राहावीत की नष्ट व्हावीत यावर वाद झाला. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला: दावेदारानं ठेवा असं सांगितलं नाही, तर १९ सप्टेंबर २०२७ नंतर ती नष्ट होतील.

दावेदारापुढे पर्याय असे आहेत:

- काहीच करायचं नाही. कागद आपोआप नष्ट होतील.
- स्वतःसाठी प्रत मागायची. त्यात इतरांची ओळख पटेल असा मजकूर झाकलेला असतो. ती घरात ठेवावी, कुणाला दाखवावी, हे आपल्या हाती.
- राष्ट्रीय सत्य आणि समेट केंद्रात जपायला संमती द्यायची. ती खुली ठेवायची की मर्यादित, तेही निवडता येतं.

प्रत मागणं आणि केंद्राला देणं, दोन्ही एकदम करता येतं. यात दाव्याचा अर्ज, साक्षीचं ध्वनिमुद्रण, तिचा लेखी उतारा आणि निर्णय, एवढं येतं.

हा निर्णय दावेदाराचा आहे. मुलगा, सून, वकील, समाजसेवक किंवा अभ्यासक यांनी 'इतिहासासाठी ठेवाच' असा आग्रह धरू नये. काहींना ते कागद जळून गेलेले हवे आहेत आणि त्यात गैर काही नाही. आपलं काम एवढंच की तारीख त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवायची, कारण अनेकजण ऐंशीच्या घरात आहेत आणि कितीतरी जणांना हा पर्याय आहे हेच ठाऊक नाही. चौकशीची सुरुवात विनिपेगच्या केंद्राकडून करावी. अर्ज शेवटच्या महिन्यावर ठेवू नये. लिफाफा घरी येणार असेल तर तो कोण उघडेल याचाही आधी विचार करावा: घरातल्या कुणाला काहीच माहीत नाही अशी घरं पुष्कळ आहेत.

आजोबा किंवा पणजी कुठल्या शाळेत होती हे कसं शोधायचं?

1. घरात जे आहे ते आधी लिहून काढा: सगळी नावं (बाप्तिस्म्याचं, घरचं, टोपणनाव), राष्ट्र आणि वस्ती, जन्माचं अंदाजे साल, आईबापांची नावं, शाळेतला नंबर आठवत असेल तर तोही.
2. वस्तीजवळच्या शाळांची यादी करा. सर्वांत जवळची शाळा तीच असेल असं धरून चालू नका. कॅथलिक घरचं मूल जवळची अँग्लिकन शाळा ओलांडून दूर नेलं जाई.
3. राष्ट्रीय सत्य आणि समेट केंद्राकडे विनंती करा. वाचलेल्यांना स्वतःच्या नोंदी आणि कुटुंबीयांना मृत नातेवाइकांच्या नोंदी मागता येतात.
4. ओटावाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात इंडियन खात्याच्या फायली आहेत. त्यांतले तिमाही हजेरीपट सर्वांत उपयोगी.
5. चर्चची स्वतंत्र दफ्तरं आहेत: बाप्तिस्मा, दफन, संस्थेची रोजनिशी.

अडतं कुठं? नावांवर. कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं, एकाच मुलाचं नाव तीन पटांत तीन तऱ्हांनी. वय अनुदानाच्या सोयीनं कमीजास्त केलेलं. शिवाय १९३६ ते १९४४ मध्ये खात्याच्या सुमारे दोन लाख फायली नष्ट केल्या गेल्या. म्हणून 'नोंद नाही' याचा अर्थ 'मूल तिथं नव्हतं' असा होत नाही. पटावरून एखादं नाव अचानक गळलं तर पुढच्या तिमाहीचा 'काढून टाकले' रकाना आणि जवळच्या क्षय-रुग्णालयाच्या नोंदी पाहा. कितीतरी मुलं शाळेतून तिकडं गेली आणि तिथंच संपली.

एक विनंती: हे कागद एकट्यानं, रात्री उशिरा उघडू नका.

बरं होणं म्हणजे काय? समुपदेशन पुरेसं नाही का?

काहींना पुरतं. सरकारच्या आरोग्य-आधार कार्यक्रमात वाचलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना समुपदेशन, वृद्धांचं मार्गदर्शन, सांस्कृतिक आधार आणि तिथवर जाण्याचा प्रवासखर्च मिळतो.

पण मोडलं काय होतं ते पाहावं. भाषा, आईच्या हातचं अन्न, कुशीत घेणं, गाणं, नाव. मोडलं ते जिथल्या तिथं सांधावं लागतं. म्हणून बहुतेकांच्या बाबतीत बरं होणं हे आपल्या भाषेच्या वर्गात, शिकारीच्या तळावर, घामघरात (तापल्या दगडांच्या वाफेत शुद्धिविधी करायच्या झोपडीत), ढोलाभोवती घडताना दिसतं. आयोगाच्या १७ व्या आवाहनात शाळेनं बदललेली नावं विनाशुल्क परत घेता यावीत अशी मागणी आहे, ती याचसाठी.

प्रथा सगळ्यांच्या सारख्या नाहीत. प्रेअरीतल्या क्री वृद्धाकडे काही मागायचं तर आधी चिमूटभर तंबाखू अर्पण करतात. इन्युइट मेळाव्यात ते करू नये, तिथं सीलच्या तेलाचा कुलिक नावाचा दिवा लावतात. सेज (एक सुगंधी वनस्पती) किंवा गोड गवताची धुरी अनेक राष्ट्रांत आहे, सर्वांत नाही. आणि वाचलेल्यांपैकी कितीतरी जण आजही श्रद्धेनं चर्चमध्ये जातात. त्यांना त्यावरून टोकू नये.

वाचलेल्या माणसाची सेवा करताना काय जपावं?

कॅनडात परिचर्या, वृद्धाश्रम आणि घरसेवेच्या कामात बरीच मराठी मंडळी आहेत, म्हणून हे जरा सविस्तर.

वृद्धाश्रम हा पुन्हा एक वसतिगृहच असतो: ओळीनं खाटा, घंटा, ठरल्या वेळी जेवण, दुसऱ्याच्या हाती किल्ल्या. विसरभोळेपणा सुरू झालेला माणूस त्या वातावरणात खरोखरच सातव्या वर्षात जातो.

- केसांना हात लावण्याआधी विचारा. कापण्याआधी तर नक्कीच. 'नको' म्हटलं तर तिथंच थांबा.
- आंघोळीची वेळ त्यांना ठरवू द्या. पाठीमागून येऊ नका. दार बंद करताना सांगून करा.
- ताटातलं उरलं तर संपवा म्हणू नका. ओकलेलं अन्न परत खायला लावल्याच्या जबान्या आहेत. सकाळची घट्ट लापशी अनेकांना नकोशी असते, दुसरं काही द्या.
- खोली नंबरानं नव्हे, नावानं हाक मारा.
- ते आपल्या भाषेत बोलू लागले तर इंग्रजीकडे वळवू नका. कुणी भाषा जाणणारं मिळतं का पाहा.
- धुरी द्यायची असेल तर संस्थेचा नियम आणि धूरसूचक आधी पाहा. खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर आग पेटवायची नाही. न पेटवलेलं सेज हातात देता येतं.

आणि 'तिथं तुमच्यावर काय झालं?' असं कधीही विचारू नका. सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. सांगू लागले तर हातातलं काम ठेवा, बसा, मधे बोलू नका. 'आमच्याकडेही शिक्षक मारायचे' ही सहानुभूती इथं चालत नाही. शेवटी आभार माना, पाणी विचारा, आणि त्या रात्री कुणीतरी जवळ राहील याची सोय करा, कारण त्रास बोलून झाल्यावर काही तासांनी उसळतो. ऐकलेलं आपल्यापाशीच ठेवा.

चर्चनं आणि सरकारनं माफी मागितली, मग अजून काय हवं?

युनायटेड चर्चनं १९८६ आणि १९९८ मध्ये, ओब्लेट या कॅथलिक संघानं १९९१ मध्ये, अँग्लिकन चर्चनं १९९३ मध्ये, प्रेस्बिटेरियननं १९९४ मध्ये, पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ११ जून २००८ रोजी संसदेत माफी मागितली. पोप फ्रान्सिस यांची कॅनडाच्या भूमीवरची माफी आली ती २५ जुलै २०२२ रोजी, मास्कवासिस इथं. काहींनी ती ऐकून वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्याचं सांगितलं. काहींनी टीव्ही बंद केला. दोघांनाही तो हक्क आहे.

अजून हवे ते कागद, जमीन आणि पैसा. २००६च्या तडजोड करारानुसार कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर गोळा करण्याचा 'सर्वतोपरी प्रयत्न' करायचा होता. जमले चाळीस लाखांच्या आत. पुढं २०२१ मध्ये बिशपांनी तीन कोटींचं नवं वचन दिलं.

आपल्याकडच्या आश्रमशाळांशी याची तुलना करावी का?

सरसकट करू नये. महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांत मूल पोलिसांकरवी ओढून नेलं जात नाही आणि धर्म किंवा भाषा पुसून टाकणं हा त्यांचा जाहीर हेतू नाही. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवसापासून परक्या भाषेत बसवल्यानं काय होतं, हा प्रश्न मात्र कॅनडाचं वाचून अधिक गंभीरपणे घ्यावासा वाटतो.

जवळचं साम्य दुसरीकडे आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक किंवा सुधार-शाळांत ठेवण्याची तरतूद होती. सोलापूरची सेटलमेंट त्याच कायद्याखालची. १९५२ मध्ये त्या जमाती विमुक्त झाल्या. तिथल्या मुलांच्या आठवणी नोंदवणारा आयोग आपल्याकडे बसला नाही.

३० सप्टेंबरला मराठी मंडळानं काय करावं?

२०२१ पासून हा कॅनडात राष्ट्रीय सत्य आणि समेट दिन आहे. नारिंगी सदऱ्याची प्रथा २०१३ पासूनची. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या असताना, १९७३ मध्ये, आजीनं घेऊन दिलेला नवा नारिंगी सदरा विल्यम्स लेकच्या शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला आणि पुन्हा मिळाला नाही. सदरे आदिवासी विक्रेत्यांकडून घ्यावेत. स्थानिक राष्ट्राच्या कार्यक्रमाला जावं, आपला वेगळा मांडू नये. वक्त्याला बोलवायचं असेल तर मानधन आणि येण्याजाण्याची सोय आधी सांगावी, 'आपबिती सांगा' अशी फर्माईश करू नये. ढोलताशे त्या दिवशी नकोत.

नागरिकत्व घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २१ जून २०२१ पासून शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांच्या हक्कांचा आणि करारांचा उल्लेख आहे. तो आयोगाच्या ९४ व्या, म्हणजे शेवटच्या आवाहनातून आला. शपथेआधी आपण राहतो ती जमीन कुठल्या कराराखाली येते, की करार न करताच घेतलेली आहे, हे पाहून ठेवावं.

हे वाचून कुणाला त्रास होऊ लागला तर कुठं फोन करायचा?

वाचलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी कॅनडात राष्ट्रीय निवासी शाळा संकट-रेषा चोवीस तास चालू असते: १-८६६-९२५-४४१९. कुठल्याही आदिवासी व्यक्तीसाठी 'होप फॉर वेलनेस' : १-८५५-२४२-३३१०. तिथं मागणी केल्यास क्री, ओजिब्वे आणि इनुक्टिटुटमध्येही बोलता येतं. दोन्ही विनाशुल्क आहेत. दुसऱ्या कुणासाठी फोन लावून देत असाल तर पलीकडून आवाज आल्यावर फोन त्यांच्या हाती द्या आणि खोलीबाहेर, पण हाकेच्या अंतरावर थांबा.